इंची पाने

आमच्याकडं बुलेटला कोणी इंग्रजी गाडी म्हणत नाही. बुलेट म्हणजे पाटलाची गाडी, फौजदाराची गाडी, सुट्टीवर आलेल्या मिल्ट्रीवाल्याची गाडी. नारायणगावच्या बाजारात ती इतकी वर्षं उभी आहे की तिचं माहेर दुसरं कुठलं असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. पण जुन्या बुलेटचा एखादा नट सोडवायला बसा. अकरा नंबरचा पाना बसत नाही आणि बारा नंबरचा सटकतो. बळ लावलं तर नटाचे कोपरे गोल होतात. तिथं कळतं, की ही गाडी मिलिमीटरच्या मुलखातली नाही. तिला इंची पाने लागतात.

या इंची पान्यांचा आणि आमच्या गावाचा संबंध कसा आला, ते सांगतो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण यंत्र उघडलं की इतिहास आपोआप हाताला लागतो.

रॉयल एनफिल्ड ही कंपनी इंग्लंडातल्या रेडिच गावची. आधी सायकली आणि सुटे भाग करायची. एनफिल्ड या गावी सरकारी बंदुकांचा कारखाना होता, त्याला भाग पुरवायचं काम मिळालं आणि त्यावरून हे नाव पडलं. १९०१ साली त्यांनी पहिली मोटारसायकल काढली. बुलेट हे नाव आलं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो, ती मागच्या चाकाला झुलता आर्म आणि शॉकअप असलेली गाडी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४८-४९ च्या सुमाराची. एकच सिलिंडर, सत्तर मिलिमीटर व्यास आणि नव्वद मिलिमीटर चाल. विहिरीचं पाणी मोजतो तसा हिशेब केला की ३४६ घनसेंटिमीटर येतात. साडेतीनशेची गाडी म्हणतात ती ही.

देश स्वतंत्र झाल्यावर सरहद्दीवर गस्तीसाठी लष्कराला दणकट मोटारसायकल हवी होती. १९५०च्या दशकात त्यांनी बुलेट पसंत केली आणि शेकड्यांनी मागवली. मग १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची कंपनी यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला कारखाना झाला. सुरुवातीला पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथं जोडले जायचे. पुढं साचे-हत्यारं इकडं आली आणि एकेक भाग इथंच व्हायला लागला. तिकडं इंग्लंडात उलटं झालं. रेडिचचा कारखाना १९६७ ला मिटला आणि १९७० पर्यंत रॉयल एनफिल्डचा तिथला सगळा व्यवहार आटोपला. मूळ झाड वाळलं आणि कलम मद्रासला धरलं. १९७७ ला हीच मद्रासची गाडी उलट इंग्लंडात विकायला जाऊ लागली.

आता प्रश्न असा, की ती खेड्यात का रुजली? रुबाब होता, हे खरं. पण रुबाबावर गाडी चाळीस-पन्नास वर्षं चालत नाही. माझ्या मते खरं कारण विहिरीवर होतं.

वीज येण्याआधी आमच्या जुन्नर भागात विहिरीवर आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली निघाला. साताऱ्याची कूपर इंजिनं त्याच्याही आधीची. चिंचवडला रस्टन तयार व्हायचं, ते मूळ इंग्लंडातल्या लिंकनचं. लिस्टर पद्धतीची इंजिनं तर गावोगाव. ही बहुतेक एका सिलिंडरची, जड चाकाची, संथ चालणारी. लिस्टर पद्धतीचं इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घ्यायचं. रात्री पाणी धरायला गेलं की ते टक टक टक ऐकू यायचं. आवाजात जरा फरक पडला, की बारं देणारा माणूस खोरं टाकून इंजिनाकडं पळायचा.

त्या इंजिनाला चालू करताना एक लिव्हर उचलायची. तिच्यानं व्हॉल्व्ह उघडा राहतो, आतला दाब निघून जातो. मग हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि लिव्हर पाडायची. बुलेटच्या डाव्या मुठीजवळ छोटी लिव्हर असते, ती हेच काम करते. शहरातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागते. शेतकऱ्याला लागत नाही. त्याला मोटारसायकल नवी होती, पण इंजिन ओळखीचं होतं. विहिरीवरच्या इंजिनाच्या पेटीतले पानेही तिला बऱ्याच ठिकाणी लागायचे, कारण दोघांचे आटे इंची.

हे इंची आटे एका इंग्रज इंजिनिअरच्या, व्हिटवर्थच्या, नावानं ओळखले जातात. १८४१ साली त्यानं आट्यांचं माप ठरवून दिलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशाचा, आपल्या मिलिमीटरच्या आट्याचा ६० अंशाचा. त्यामुळं दिसायला जवळचा वाटणारा बोल्ट दोन फेरे जातो आणि मग अडतो. नवशिका तिथं जोर लावतो आणि आटे मारून बसतो. दुसरी गंमत पान्यावरच्या आकड्याची. मिलिमीटरच्या पान्यावर नटाच्या डोक्याचं माप असतं. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाच्या दांड्याचं माप असतं. त्यामुळं पाव इंच लिहिलेला पाना पट्टीनं मोजला तर पाव इंच भरतच नाही.

आमची बुलेट १९७२ सालची. दुष्काळाच्या वर्षी ती मद्रासहून निघाली आणि आमच्या दारात आली १९८६ ला, दोन मालक बघून. कांद्याचे पैसे झाले होते. नारायणगावला तेव्हा एक मेस्तरी होते, बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नसत. पहिल्याच खेपेला त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पाने कोणते आहेत?" मी मिलिमीटरचा संच दाखवला. ते म्हणाले, "हे घरी ठेव. बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याला जुन्या बाजारात जा. इंची रिंगपाने बघून आण. पाने आले की मग गाडी घेऊन ये."

मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून लोखंड मांडलेलं असतं. तिथं मी पान्यांचा ढीग उपसून सात रिंगपाने काढले. सुटे भाग मात्र नाना पेठेत मिळायचे. एक दिवस एसटीनं जायचं, पॅकिंग, क्लच प्लेटा, पॉइंट, कंडेन्सर पिशवीत भरायचे आणि मुक्कामाच्या गाडीनं परत. मद्रासच्या कारखान्यात पुढं हळूहळू मिलिमीटरचे आटेही आले. त्यामुळं भाग बदलत गेले तसे आमच्या एकाच गाडीत दोन्ही जातीचे नट झाले. कुठल्या नटाला कुठला पाना, हे पुस्तकात नाही. ते ज्याची गाडी त्याच्या हातात.

मेस्तरींनी मला जे शिकवलं त्यात तीन गोष्टी मुख्य.

पहिली, ठिणगी. पॉइंट म्हणजे दोन छोटे गोल तुकडे, एकमेकांवर टेकतात आणि उघडतात. ते उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी पडते. त्यांची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. तुकड्यांवर काजळी धरली किंवा खड्डा पडला तर बारीक पॉलिश पेपरनं पुसायचे, मग पेट्रोलच्या चिंधीनं साफ करायचे आणि फिलर गेजनं फट बघायची. हँडलवरच्या अँपिअर मीटरचा काटा याचा साक्षीदार. चावी फिरवली की पॉइंट टेकलेले असताना काटा एका बाजूला कलतो आणि उघडले की मधे येतो. म्हणून बुलेटला किक मारताना आधी काटा बघायचा. किक हळू दाबत न्यायची. पाय अडला की थांबायचं. लिव्हरनं दाब सोडून किक किंचित सरकवायची, काटा मधे आला की लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक. ताकदीचं काम नाही. माझी आई घोट्याला हळद लावलेल्या पोरांकडं बघून म्हणायची, "गाडीशी भांडायला गेला व्हता जणू."

दुसरी, टॅपेट. सिलिंडरच्या उजव्या अंगाला खाली एक झाकण असतं. ते काढलं की दोन पुश रॉड दिसतात. इंजिन पूर्ण थंड पाहिजे आणि पिस्टन दाबाच्या फेऱ्यात शेंड्यावर पाहिजे. रॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. यात गेज लागत नाही. बोटांना कळतं तेवढंच माप. सैल राहिला तर आवाज करतो, घट्ट झाला तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. मेस्तरी म्हणायचे, "हलका आवाज आला तर येऊ दे. मुकी गाडी लवकर मरते."

तिसरी, तेल. बुलेटच्या इंजिनाच्या पोटातच तेलाचा कप्पा असतो. एक पंप तेल पुढं देतो, दुसरा परत आणतो. क्रँकच्या ठिकाणी कनेक्टिंग रॉडला बेअरिंगऐवजी तरता बुश असतो. म्हणजे तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल काळं, जाड किंवा कमी झालं की पहिला मार त्या बुशावर. एकदा ठोकायला लागला की सगळं इंजिन उघडावं लागतं. म्हणून तेल वेळेवर बदलायचं, फिल्टरचा नमदा बघायचा आणि अधूनमधून गाडी चालू ठेवून रॉकरच्या तेलनळीचा बोल्ट जरासा सैल करून तेल वर येतंय का पाहायचं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तेल झिरपून खाली क्रँकच्या कप्प्यात साठतं. मग चालू करताना धूर ओकते. नवा माणूस घाबरतो, रिंगा गेल्या म्हणतो. रिंगा काही जात नाहीत. गाडीला रोज थोडं चालवा, एवढंच तिचं म्हणणं असतं.

१९९०च्या दशकात आमच्या खोडदला वेगळीच यंत्रं आली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस जाळीदार थाळ्या. त्यातल्या चौदा खोडदजवळ मधल्या भागात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरपर्यंत. आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकायच्या, तर आसपास माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी पाहिजे. आमचा डोंगराआडचा भाग निवडला त्यात हेही एक कारण होतं.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं मोठं प्रदर्शन भरतं, जिल्ह्यातल्या शाळा लोटतात. अशाच एका वर्षी तिथल्या एका तरुणाला मी बुलेटची गोष्ट सांगितली, तर त्यानं मलाच एक गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या काळातली बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालत. म्हणजे पेट्रोल गाडीचा प्लग हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच. प्रत्येक ठिणगीला तो हवेत खरखर सोडतो. अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या गावी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्याजवळ म्हणून डिझेलच्याच गाड्या वापरतात. डिझेलला प्लगची ठिणगी नाही.

मला पटलं. आमच्या घरी रेडिओवर बातम्या चालू असताना अंगणात बुलेट चालू केली की खरखर यायची, ती सगळ्यांनी ऐकलेली होती. त्यावर उपाय सोपा आहे. प्लगच्या टोपीत साधारण पाच हजार ओहमचा अडथळा असलेली टोपी मिळते. ती घातली की ठिणगी तेवढीच पडते आणि खरखर दबते. आमच्या गाडीला जुनी साधी टोपी होती. मी नवी आणून बसवली. वीस-पंचवीस रुपयांचं काम. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला आजच्या शेजाऱ्याशी जुळवून घेता येतं, ते असं.

जुळवून घेणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण गेल्या काही वर्षांत दोन बाजूंनी तिच्यावर वेळ आली आहे.

एक बाजू पेट्रोलची. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. त्यातलं काही उसापासून होतं आणि आमच्या भागात ऊस भरपूर. म्हणजे आमच्याच शेतातलं पीक आमच्या गाडीच्या टाकीत येतं. शेतकरी म्हणून मला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, चिरतं. मी पेट्रोलची नळी आणि कॉकचे रबरी वायसर बदलून घेतले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करतो. इथेनॉलच्या मिश्रणाला हवेच्या मानानं इंधन थोडं जास्त लागतं, म्हणून जेट एक नंबरनं मोठा केला. गाडी चालते.

दुसरी बाजू कागदाची. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नोंदणी फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. नंबरात व्हीए ही अक्षरं. २०२२ साली आमची गाडी पन्नाशीला आली तेव्हा पुण्याहून एक हौशी गृहस्थ आले होते. म्हणाले, "काका, हिला व्हिंटेज करून घ्या. किंमत दुप्पट होईल. नाहीतर मला द्या, मी मूळ रूपात आणतो."

मी नियम वाचून घेतले. गाडी मूळ रूपात पाहिजे, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. आणि व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. जाहीर आहे, नियम करणाऱ्यांसमोर हौशी लोकांच्या गाड्या होत्या आणि त्यांच्यासाठी तो नियम चांगला आहे. तसे लोक आहेत म्हणून कितीतरी गाड्या भंगारातून वाचल्या. त्यांच्याबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही.

पण आमच्या गाडीचं मूळ रूप कोणतं? सिलिंडर दोनदा बोअर करून घेतला, पिस्टन मोठ्या मापाचा बसला. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली. मागं दुधाच्या किटल्यांसाठी वेल्डिंग करून कॅरिअर लावलं, पुढं त्याच कॅरिअरवर कांद्याच्या आणि टोमॅटोच्या खेपा झाल्या. पुढचा मडगार्ड गावातल्या लोहारानं ठोकलेला. १९७२ ची म्हणता येईल अशी त्यातली चेसिस आणि इंजिनाचं कवच. तरी ती तीच गाडी आहे. नांगराचा फाळ बदलला, इसाड बदललं, म्हणून नांगर दुसरा होतो का?

आणि बुलेटचा सगळा इतिहास याच बाजूनं बोलतो. ती जगली ती कुणी काचेत ठेवली म्हणून नाही. मद्रासला रोज नव्या होत होत्या, खेडोपाडी रोज दुरुस्त होत होत्या. आराखडा १९५५ चा, पण काम रोजचं. १९९४ मध्ये आयशर समूहाकडं कंपनी गेली, २०१० च्या सुमाराला ते जुनं बिडाचं इंजिन बंद झालं आणि नवं आलं. नव्या बुलेटला तेल गळत नाही, बटणावर चालू होते, चांगली गाडी आहे. माझ्या पुतण्याकडं आहे. पण तिचं काही बिघडलं तर मेस्तरी आधी संगणक लावतो. मालकानं स्वतः उघडावी असं गृहीत धरून ती केलेली नाही. जुनी बुलेट केली होती. तिच्याबरोबर पाने यायचे, आणि ते वापरायचेच असायचे.

मी गृहस्थांना चहा दिला आणि नाही म्हणालो. साधी नोंदणीच पुढं चालू ठेवली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, फीही वाढली आहे, ती भरतो. कागद वेळेवर पाहिजेत, दिवा, ब्रेक, हॉर्न चालू पाहिजेत. रस्त्यावर राहायचं तर रस्त्याचे नियम पाळले पाहिजेत.

मला काळजी कागदाची नाही, हातांची आहे. मेस्तरी सात वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. त्यानं वडलांची पान्यांची पिशवी मला आणून दिली. "काका, भंगारवाला किलोवर मागतोय, म्हणलं तुम्हाला द्यावी," म्हणाला. त्यात टॅपेटचे दोन आखूड पाने आहेत, त्यांनी स्वतः घासून पातळ केलेले. असे बाजारात मिळत नाहीत. ते का घासले, किती घासले, हे ज्यानं टॅपेटच्या झाकणात हात घालून बघितला त्यालाच कळेल.

माझा नातू नववीत आहे. मोबाईलमध्ये डोकं असतं, तरी रविवारी गाडीजवळ येतो. त्याला मी सांगून ठेवलं नाही, करायला लावलं. एकदा पॉइंटची फट त्यानं लावली आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. तेव्हापासून त्यानं गोठ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एक यादी करायला घेतली आहे. एकेक नट, त्याचा पाना, इंची की मिलिमीटर. "आज्या, टॅपेटला नंबर काय लिहू? या पान्यावर नंबरच नाय," त्यानं विचारलं. मी म्हणालो, "लिही, मेस्तरींचा पाना." त्यानं तसंच लिहिलं आहे.

यादी अजून अर्धी आहे. सध्या चढाला बुशाचा हलका ठोका यायला लागला आहे. कांद्याची पट्टी मिळाली की इंजिन खाली उतरवायचं आहे, आणि त्या वेळी नट सोडायला तो बसणार आहे, मी नुसते पाने देणार आहे.